सात नंबरची किल्ली

स्पॉल्डिंग, लिंकनशर
३ फेब्रुवारी २०२४

सचिव, कॉर्ब्रुक ग्राम इतिहास मंडळ, यांस
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. माझं नाव मॅरियन टॉली. मी इथे ट्युलिपच्या कंदांच्या गोदामात काम करते. कंद हाताने चाचपून मऊ पडलेले बाजूला काढायचे, असं ते काम.

माझे वडील ॲम्ब्रोज टॉली ११ डिसेंबरला गेले. ब्याऐंशी वर्षांचे होते, आयुष्यभर माळीकाम केलं. गाव कोणतं असं कोणी विचारलं, की "हेरफर्डच्या बाजूला, सफरचंदं होतात तिथं" एवढंच म्हणायचे. कॉर्ब्रुक हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते त्यांच्या जन्मदाखल्यावर, आणि तेही ते गेल्यानंतर.

टॉली घराण्याची काही माहिती तुमच्याकडे असेल का? चर्चच्या आवाराची व्यवस्थाही तुम्हीच पाहता असं कळलं. बाबांची रक्षा तिथे पुरता येईल का? थोडी जागाही पुरेल. आमच्याकडची जमीन सपाट आहे, आणि बाबांना सपाट जमीन कधीच आवडली नाही.

आणखी एक, सहज विचारते. तुमच्या गावात नंबर घातलेलं एखादं जुनं लोखंडी फाटक आहे का?

आपली,
मॅरियन टॉली


कॉर्ब्रुक
१२ फेब्रुवारी २०२४

मिस टॉली यांस,

आपलं पत्र मिळालं. वडील गेल्याचं वाचून वाईट वाटलं.

मी या गावाचा इतिहास लिहिला आहे. एकशे बारा पानांचा आहे, आणि छापून नऊ वर्षं झाली. त्यात या गावची घराणी दिली आहेत. प्रीस हे हट्टी. बफ्टन हे सायडर पिणारे आणि गाणारे. स्कर्म यांची जमीन उपाशी टेकडीच्या उतारावर, म्हणून ते कायम कुरकुरणारे. आणि आम्ही यॅप. टॉली हे घराणं माझ्या पुस्तकात नाही. जन्मदाखल्यावर गाव चुकीचं पडल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. शेजारच्या गावी चौकशी करून पाहा.

चर्चच्या आवारात जागा शिल्लक नाही.

फाटकाचं विचारलंत. लोखंडी फाटकं कुठल्या गावात नसतात? नंबर असलेलं फाटक तुम्हाला कशासाठी हवं आहे, हे मात्र तुम्ही लिहिलेलं नाही.

हेस्टर यॅप


स्पॉल्डिंग
२० फेब्रुवारी २०२४

मिस यॅप,

तुमचं पुस्तक मी मागवलं आणि दोन संध्याकाळी बसून वाचलं. चांगलं लिहिता. कोकिळेचा कोंडवाडा नावाच्या शेताची गोष्ट मी गोदामातल्या बायकांना वाचून दाखवली. कोकिळा उडून जाऊ नये म्हणून तुमच्या लोकांनी म्हणे कुंपण घातलं! सगळ्या जणी पोट धरून हसल्या.

पण मला दोन शंका आहेत.

जिल्ह्याच्या दप्तरखान्यातून मी पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या नकाशाची नक्कल काढली. हवेलीच्या कुरणाला लागून एक चिंचोळं शेत आहे, त्याचं नाव 'टॉलींचा तुकडा'. तुमच्या पुस्तकातल्या नकाशात तेच शेत आहे, तोच आकार आहे, पण नाव लिहिलेलं नाही. बाकी सगळ्या शेतांना नावं आहेत.

दुसरी शंका पान एकेचाळीसवरची. चर्चमधल्या घंटा वाजवणाऱ्यांची लाकडी पाटी, सन १९३१. वर प्रीस, खाली बफ्टन, त्याखाली यॅप. चौथी ओळ वाचता येत नाही, कारण तिच्यासमोर फुलदाणी आहे. चर्चमध्ये फुलदाणी जमिनीवर किंवा वेदीवर ठेवतात. भिंतीवरच्या पाटीपर्यंत पोचायला तिच्याखाली बहुधा खुर्ची ठेवावी लागली असेल.

मिस यॅप, ती फुलदाणी तिथे कोणी ठेवली?

मॅरियन टॉली


कॉर्ब्रुक
२ मार्च २०२४

मिस टॉली,

मी ठेवली. खुर्ची नव्हती, स्टूल होतं.

तुम्ही चौकस आहात. कंद चाचपणारी बाई इतकी चौकस असू शकते, नाही असं नाही. पण मलाही डोळे आहेत. आमची वस्ती आणि चर्च यांच्यामध्ये हवेलीचं कुरण आहे. त्यातून पाऊण मैलाची पायवाट जाते. रस्त्याने गेलं तर तीन मैल. हवेलीच्या नव्या मालकाने दीड वर्षापूर्वी त्या वाटेच्या फाटकाला साखळदंड घातला आणि वाट त्याची खाजगी आहे म्हणाला. ती सार्वजनिक म्हणून नोंदवावी असा आम्ही जिल्हा परिषदेकडे अर्ज केला आहे. मालकाच्या वकिलाची पत्रं येतात, त्यांच्या पाकिटांवर पत्ता लिंकनशरचा असतो. त्यातलं शेवटचं आलं, आणि पंधरा दिवसांत लिंकनशरहून तुमचं पत्र. वडील, रक्षा, सफरचंदं, आणि शेवटी 'सहज' म्हणून फाटक! ताकाला जाऊन भांडं लपवू नये, मिस टॉली.

टॉली पुस्तकात का नाहीत ते ऐका. वकिलाला सांगायचं तर सांगा.

जानेवारी १९६३. असा बर्फ पडला होता की रस्त्याच्या दोन्ही बाजूंची कुंपणं दिसेनाशी झाली होती. आमच्या वस्तीतली एक बाई वारली. शवपेटी चर्चला न्यायची तर कुरणाची वाट एवढी एकच मोकळी होती. पण आमच्याकडे एक समजूत आहे. ज्या वाटेने एकदा शवपेटी जाते ती वाट कायमची सगळ्यांची होते. गावकरी ते मानायचे आणि हवेलीचे मालकही मानायचे, म्हणून मालक घाबरायचे. माणसं पेटी खांद्यावर घेऊन फाटकाशी आली तेव्हा हवेलीच्या माळ्याने, त्या बाईच्या पेटीसमोर, तिच्या मुलीच्या देखत, फाटकाला कुलूप घातलं. पेटी घसरगाडीवर ठेवून रस्त्याने न्यावी लागली. पाच तास लागले.

तो माळी एकवीस वर्षांचा होता. त्याचं नाव ॲम्ब्रोज टॉली.

कायद्यात तसं काहीही नाही, हे मला पुढे पन्नास वर्षांनी कळलं. पेटी गेल्याने वाट कुणाची होत नाही. म्हणजे ते सगळं फुकटच झालं.

आता सरळ सांगा. तुम्हाला कोणी पाठवलं, आणि तुमच्याजवळ काय आहे?

हेस्टर यॅप


स्पॉल्डिंग
९ मार्च २०२४

मिस यॅप,

मला कोणी पाठवलेलं नाही. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी कामावर गेले नाही.

आमच्या घरात एकाही दाराला कडी नव्हती. न्हाणीघरालासुद्धा नाही. चौदाव्या वर्षी मी बाबांशी त्यावरून कडाकडा भांडले. मैत्रिणी घरी यायला लाजायच्या. आत कोणी आहे हे कळावं म्हणून आम्ही गाणं म्हणायचो. आई म्हणायची, "त्यांच्या डोक्यात काहीतरी आहे, जाऊ दे." मागच्या बागेचं दार वाऱ्याने रात्रंदिवस आपटायचं, पण बाबा त्याला विटेचा टेकू लावून उघडंच ठेवायचे. मला वाटायचं, माणूस विक्षिप्त आहे. आता तुमचं पत्र वाचते आणि वाटतं, जाऊन त्यांची क्षमा मागावी. पण कुठे जाणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि सांगावं की नाही हे मला अजून कळत नाही. चहाच्या एका डब्यात बाबांनी एक किल्ली ठेवली होती. वीतभर लांब, लोखंडी. तिला पितळेचा बिल्ला आहे, त्यावर सात आकडा. दर वर्षी गुड फ्रायडेला सकाळी ते तिला तेल लावून पुसायचे आणि परत डब्यात ठेवायचे. मला आठवतंय तेव्हापासून. मी विचारलं तर म्हणायचे, "ही इथं आहे तोवर बरं आहे."

मॅरियन


कॉर्ब्रुक
१४ मार्च २०२४

प्रिय मॅरियन,

तुझं पत्र मी उभ्या उभ्याच दोनदा वाचलं. तुला 'तू' म्हटलं तर राग येणार नाही ना?

ऐक. वीस वर्षं लोक एखाद्या वाटेने बिनविरोध चालले, तर ती वाट सार्वजनिक धरतात. पण मालकाने वर्षातून एक दिवस जरी ती बंद ठेवली, तर सगळं मुसळ केरात. म्हणून जुने मालक गुड फ्रायडेला फाटक बंद करायचे. मालकाने हवेलीची एक वही परिषदेकडे पुरावा म्हणून दिली आहे. १९५० पासूनच्या प्रत्येक गुड फ्रायडेची तीत नोंद आहे: 'कुरणाचे फाटक जुन्या किल्लीने बंद केले. किल्ली परत सात नंबरच्या खिळ्यावर.' अगदी परवापरवापर्यंत, एकही वर्ष सुटलेलं नाही. आम्ही ओरडून सांगतो की गुड फ्रायडेला तर आम्ही बटाटे लावायला मळ्यावर त्याच वाटेने जातो, फाटक कधी बंद नसतं. पण आम्ही पडलो स्वार्थी आणि वही पडली कागदावरची.

आणि सात नंबरची किल्ली १९६३ पासून तुमच्या चहाच्या डब्यात!

म्हणजे साठ वर्षं हवेलीचा प्रत्येक कारभारी आधीच्याची ओळ पाहून तीच ओळ लिहीत गेला, आणि खिळ्याकडे कोणी मान वर करून पाहिलंच नाही.

किल्ली रजिस्टर पोस्टाने ताबडतोब पाठव. कापसात गुंडाळ. वाटल्यास खर्च मी देते. चर्चच्या आवारात कोपऱ्यात थोडी जागा निघेल असं वाटतं.

तुझी,
हेस्टर


स्पॉल्डिंग
२१ मार्च २०२४

मिस यॅप,

एका किल्लीने मी 'प्रिय' झाले आणि आवारात जागाही निघाली. फेब्रुवारीत तिथे माणसाला जागा नव्हती.

मंगळवारी माझ्याकडे एक गृहस्थ आले. करडा कोट, फार नम्र बोलणं. जुन्या बागांमधल्या वस्तू जमवतात म्हणे. "किल्ल्याबिल्ल्या असतील तरी चालतील, मिस टॉली. तुम्हाला काय त्यांचा उपयोग?" मी त्यांना चहा दिला, बिस्कीट दिलं आणि म्हटलं, "आमच्या घरात कधी कुलूपच नव्हतं हो." खोटं बोलले नाही. किल्ली तेव्हा त्यांच्या कपापासून हातभर अंतरावर त्याच डब्यात होती. चहाची पूड मी दुसऱ्या डब्यातून काढली.

किल्लीबद्दल मी जगात एकाच माणसाला लिहिलं होतं. तुम्हाला. मग त्यांना कसं कळलं?

किल्ली मी पाठवणार नाही.

आणि एक विचारायचं आहे. तुमच्या पुस्तकाच्या शेवटी दफनांची यादी आहे. जानेवारी १९६३ मध्ये एकच नाव आहे: ईडिथ यॅप, वय चौतीस. तुम्ही 'एक बाई' असं लिहिलंत. तिचं आडनाव तुमचंच आहे. ती कोण होती? आणि फाटकाशी उभी असलेली ती मुलगी?

मॅरियन टॉली


कॉर्ब्रुक
३० मार्च २०२४

मॅरियन,

काल गुड फ्रायडे होता. बटाट्यांची बादली घेऊन मी सायकलवरून रस्त्याने तीन मैल गेले. दुसरं वर्ष. सबंध रस्ताभर तुला काय लिहावं याचा विचार करत होते.

आधी चूक कबूल करते. तुझं पत्र मी लेन बफ्टनच्या सायडरच्या शेडमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. पाच-सहा जण होते. लेनचा जावई हवेलीवर ट्रॅक्टर चालवतो हे मला ठाऊक होतं. आनंदाच्या भरात विसरले. मी तुझ्यावर संशय घेत बसले आणि गळती माझ्याच घरात होती.

ईडिथ माझी आई. फाटकाशी उभी होते ती मी. नऊ वर्षांची. माझ्या हातात आयव्हीच्या वेलीची माळ होती. बर्फात दुसरं काही हिरवं उरलंच नव्हतं.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही, पुस्तकातही लिहिलेलं नाही. आई माहेरची टॉली. ॲम्ब्रोजच्या वडिलांची धाकटी बहीण. ॲम्ब्रोजला तिने कडेवर खेळवलं होतं, कुरणात बोटाला धरून चालवलं होतं. वडील फाटकाशी म्हणाले, "ॲम्ब्रोज, अरे तुझी आत्या आहे रे ती." त्याच्यामागे कारभारी उभा होता. टॉलींचं घर हवेलीच्या मालकीचं होतं. फाटक उघडलं असतं तर आईबाप त्या थंडीत रस्त्यावर आले असते. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त त्याचा हात दिसला. किल्ली फिरली आणि जो आवाज झाला तो माझ्या कानांत आहे. त्याने मान वर केली नाही. एकदाही नाही.

आठवड्याने तो निघून गेला. मार्चअखेर त्याचे आईवडीलही गाव सोडून गेले, कारण गावात त्यांच्याशी कोणी बोलेना. आम्ही समजलो, तोंड दाखवायला जागा नाही म्हणून पळाला. तो फाटक उघडून किल्ली घेऊन गेला हे हवेलीने कोणाला सांगितलं नाही. त्यानंतर फाटक कधी बंद झालं नाही. आम्ही म्हणायचो, मालकाला लाज वाटली असेल.

मॅरियन, आमच्यासाठी ती वाट साठ वर्षं तुझ्या बाबांनी उघडी ठेवली. मी पाटीवरचं त्याचं आडनाव फुलदाणीने झाकलं. त्या पाटीवरचा टॉली म्हणजे माझ्या आईचे वडील. माझेच आजोबा झाकले मी.

किल्ली पाठवू नकोस. ती तुझी आहे. परिषदेचे अधिकारी २४ एप्रिलला फाटक पाहायला येणार आहेत. यायचं की नाही ते तुझं तू ठरव. आवारात जागेचं म्हणशील तर ती आधीही होती. आईच्या उजव्या हाताला. मी खोटं लिहिलं होतं.

मी तुझ्या बाबांची आतेबहीण. म्हणजे तुझी आत्या लागते.

हेस्टर


स्पॉल्डिंग
५ एप्रिल २०२४

हेस्टरआत्या,

हा शब्द लिहून पाहिला. विचित्र वाटतो, पण राहू दे.

तुम्ही लिहिलेलं सगळं खरं आहे का, हे मला ठाऊक नाही. तुमच्याकडून इतक्या वेळा फसले आहे, की आता डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलंय. म्हणून येते. बाबा एका डब्यात असतील, किल्ली माझ्या कोटाच्या खिशात असेल. ती मी कोणाच्याही हातात देणार नाही. तुमच्याही नाही.

मॅरियन


कॉर्ब्रुक
२ जुलै २०२४

प्रिय मॅरियन,

निकाल आला. वाट सार्वजनिक ठरली, जिल्ह्याच्या नकाशात चढणार. मालक अपील करणार असं लेन म्हणतो. लेन काय, सायडरचं पिंप फुटणार असंही दर वर्षी म्हणतो.

अधिकाऱ्याने निकालात लिहिलंय की 'सदर किल्ली सदर कुलपास लागते, व वहीतील नोंदींवर विश्वास ठेवता येत नाही'. एवढंच. एप्रिलमध्ये तू एकच रात्र राहून परत गेलीस, धड बोलणं झालं नाही. म्हणून त्या दिवशी मी काय पाहिलं ते लिहिते. तू फाटकाच्या आत होतीस, तुला ते दिसलं नसणार.

साखळदंड काढला. लेनने जुन्या कुलपात तेल सोडलं. अधिकारी तुला म्हणाले, "नुसती घालून चालणार नाही, बाई. एकदा बंद करून दाखवा." तू माझ्याकडे पाहिलंस. मी बाहेरच्या बाजूला उभी होते. मुद्दाम उभी नव्हते, पण उभी होते ती बरोबर त्याच जागी. मला म्हणायचं होतं की नको. मालकाचा तो करडा कोटवाला तुझ्यामागे उभा होता, कारभाऱ्यासारखा. मनात आलंच माझ्या, खोटं कशाला बोलू. ही पण टॉलीच. आत्ता ही बंद करील, खिशात टाकील आणि जाईल.

तू किल्ली फिरवलीस. तोच आवाज झाला. एकसष्ट वर्षं मी तो एकटीच ऐकत होते. आता सगळ्यांनी ऐकला.

पण तू मान वर केलीस, मॅरियन. सरळ माझ्याकडे बघितलंस. आणि हात न काढता किल्ली उलटी फिरवलीस.

तेवढंच राहिलं होतं.

मग आपण तुझ्या बाबांचा डबा घेऊन त्या वाटेने चर्चला गेलो. तू पुढे, मी मागे, आणि मागे लेन आणि सगळे. लेन म्हणाला ते तू ऐकलंस का? "साठ वर्षं ही म्हणाली टॉलीने फाटक लावलं. आता म्हणते टॉलीने उघडलं. एकदा काय ते ठरव की, हेस्टर!" सगळे हसले. मी घड्याळ पाहत होते. फाटकापासून आईच्या कबरीपर्यंत सतरा मिनिटं लागली.

फुलदाणी काढली आहे. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे, पान एकेचाळीसला नवा फोटो. नकाशात टॉलींच्या तुकड्याला नावही घातलं. शेत काही मोठं नाही, अक्षरं मावेनात, म्हणून थोडी कुरणात घुसवली. मालकाने तक्रार केली तर करू दे.

किल्ली गावाच्या संग्रहात ठेवायला पाठवू का, असं तू विचारलंस. मंडळाची बैठक झाली, सगळे हो म्हणाले. मी नाही म्हटलं. आज हे अधिकारी आहेत, उद्या दुसरे येतील. आज मी आहे, उद्या कोण असेल कोणास ठाऊक. हवेलीचे खिळे मात्र भिंतीत तसेच असतात, किल्लीची वाट पाहत.

पुढच्या गुड फ्रायडेला सकाळी तिला तेल लाव, डब्यात ठेव, आणि मग गाडीत बस. मळ्यात तुझ्यासाठी दोन ओळी राखल्या आहेत. बटाटे लावायला ये.

किल्ली मात्र आणू नकोस.

तुझी आत्या,
हेस्टर